दक्षिण मुंबईत शिवसेना कशी जिंकते? आधी सीमारेषा पाहू

प्रश्न थोडक्यात असा आहे: दक्षिण मुंबई म्हणजे मलबार हिल, कुलाबा, फोर्ट, काळबादेवी. वस्ती उद्योगपतींची, व्यापाऱ्यांची, गुजराती, मारवाडी आणि पारशी कुटुंबांची. स. का. पाटील आणि मुरली देवरा यांच्यासारखे, बाजारपेठेत आणि दिल्लीत सारखेच वजन असलेले नेते इथून निवडून जायचे. मग २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग तीन निवडणुकांत, तेही पक्ष फुटल्यानंतरसुद्धा, अरविंद सावंत यांच्यासारखा कामगार संघटनेतून आलेला शिवसैनिक इथून कसा जिंकतो? श्रीमंत लोक मतदानाला उतरत नाहीत, एवढंच त्याचं कारण आहे का?

मतदार याद्या आणि बूथनिहाय निकाल हाताळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यावरून सांगतो: श्रीमंत वस्तीतलं कमी मतदान हे कारण दुय्यम आहे. मुख्य कारण असं की ज्या दक्षिण मुंबईतून मुरली देवरा निवडून यायचे, ती दक्षिण मुंबई २००८ साली कागदावरून गेली. त्याच नावाचा दुसरा मतदारसंघ आखला गेला आणि त्यात अर्धं गिरणगाव आलं. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर १९५२ पासूनची खासदारांची यादी एका रांगेत दाखवतात. ती पाहणाऱ्याला वाटतं की एकाच जागेवरच्या लोकांनी मत बदललं. खरं तर जागाच बदललेली आहे.

आधी जुनी रचना घ्या. १९७६ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर, म्हणजे १९७७ पासून २००४ पर्यंतच्या सगळ्या निवडणुकांत, दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ होते: कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस आणि मलबार हिल. भायखळ्याच्या उत्तरेला हा मतदारसंघ जातच नव्हता. चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, शिवडी आणि वरळी हे सहा मिळून 'दक्षिण मध्य मुंबई' व्हायची. गिरणी कामगारांची मुंबई ती. त्याच्याही वर नायगाव, दादर, माटुंगा, माहीम, धारावी आणि उपनगरातला एक मतदारसंघ मिळून 'उत्तर मध्य'. बेटावरच्या शहरात विधानसभेच्या एकूण १७ जागा होत्या आणि उपनगरांतही १७.

हे १७-१७ काही सोयीसाठी ठरवलेलं नव्हतं. १९७१ च्या जनगणनेत बेटावरच्या मुंबईची लोकसंख्या ३० लाख ७० हजारांच्या आसपास होती आणि उपनगरांची २९ लाखांच्या. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या ५ कोटी ४ लाख लोकसंख्येला २८८ आमदारांनी भागलं तर एका जागेला सुमारे पावणेदोन लाख माणसं येतात. त्या हिशोबाने दोन्ही बाजूंना सतरा-सतरा जागा बरोबर बसत होत्या.

पुढे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. ४२ व्या घटनादुरुस्तीने पुनर्रचना २००० सालापर्यंत गोठवली. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचं नुकसान होऊ नये हा त्यामागचा हेतू होता, पण त्याचबरोबर राज्यांतल्या राज्यांतही सीमा जिथल्या तिथे राहिल्या. आणि मुंबई उत्तरेकडे वाढत गेली. मुलुंड, भांडुप, मालाड, बोरिवली, मानखुर्द भरत गेले. २००१ च्या जनगणनेत शहर जिल्ह्याची, म्हणजे बेटावरच्या मुंबईची, लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार निघाली आणि उपनगर जिल्ह्याची ८६ लाख ४० हजार. तरीही जागा १७-१७ च. मुलुंड-भांडुपच्या मतदाराच्या मताला जेवढं वजन होतं, त्याच्या कितीतरी पट वजन खेतवाडीतल्या मताला होतं. लोकशाहीत ही गोष्ट इतकी वर्षं चालून गेली याचं मला आजही वाईट वाटतं. त्यावर त्या काळात फारसं कुणी बोललं नाही, कारण बोलणारे बहुतेक दक्षिण मुंबईतच राहत होते.

२००२ च्या कायद्याने न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग नेमला गेला. लोकसभेच्या राज्यनिहाय जागा गोठलेल्याच राहिल्या, पण राज्याच्या आतल्या सीमा २००१ च्या लोकसंख्येवर नव्याने आखायच्या, असं ८७ व्या घटनादुरुस्तीनंतर ठरलं. आता गणित करून पाहा. ९ कोटी ६९ लाखांच्या महाराष्ट्राला २८८ ने भागलं की एका विधानसभेला साधारण ३ लाख ३६ हजार लोक येतात. शहर जिल्ह्याचे ३३ लाख ३८ हजार या आकड्याने भागले की उत्तर ९.९ येतं, म्हणजे १० जागा. उपनगरांचे ८६ लाख ४० हजार भागले की २५.७, म्हणजे २६. सतराच्या दहा आणि सतराच्या सव्वीस. आयोगाच्या अंतिम यादीत नेमके हेच आकडे आहेत. पडद्यामागे कुणी कुणाला पाडण्यासाठी रेषा ओढल्या, अशा कथा कार्यकर्ते अजून रंगवून सांगतात. एखाद्या गल्लीपुरतं, एखाद्या वॉर्डापुरतं तसं झालं असेलही. पण दक्षिण मुंबई बदलली ती या भागाकारामुळे, आणि तो कुणीही कागद-पेन्सिल घेऊन पडताळू शकतो.

दहा जागा झाल्यावर खरी अडचण उभी राहिली. लोकसभेच्या एका जागेला विधानसभेच्या सहा लागतात. दहातून सहा दक्षिण मुंबईला दिल्या, उरल्या चार. धारावी, सायन-कोळीवाडा, वडाळा आणि माहीम हे ते चार. त्यांना उपनगर जिल्ह्यातले चेंबूर आणि अणुशक्तीनगर जोडून नवीन 'दक्षिण मध्य' तयार केली. म्हणून आज दक्षिण मध्य मुंबईचा खासदार दोन जिल्ह्यांचा असतो. आणि दक्षिण मुंबईला सहाची भरती करण्यासाठी कुलाबा, मुंबादेवी, मलबार हिल यांच्यासोबत भायखळा, शिवडी आणि वरळी घ्यावे लागले. उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, नागपाडा, माझगाव, चिंचपोकळी आणि परळ ही नावं विधानसभेच्या नकाशावरून कायमची गेली.

त्या नावांमागे केवढं राजकारण होतं, हे नव्या पिढीला सांगायला हवं. परळ म्हणजे जून १९७० मध्ये आमदार कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाल्यानंतर झालेली पोटनिवडणूक. तिथे देसाईंच्या पत्नीला हरवून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. माझगाव म्हणजे छगन भुजबळांचा गड. त्यांनी शिवसेना सोडल्यानंतर १९९५ मध्ये बाळा नांदगावकर नावाच्या तरुण शिवसैनिकाने तिथे त्यांना पाडलं. चिंचपोकळीतून २००४ मध्ये अरुण गवळी विधानसभेत गेला. हे तिन्ही भाग आता 'दक्षिण मुंबई' लोकसभेत आहेत. प्रश्नात मलबार हिल आणि कुलाबा आले, लालबाग-परळ आले नाहीत, हे साहजिक आहे. बोलताना 'साउथ बॉम्बे' म्हटलं की लालबाग कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. निवडणूक आयोगाच्या नकाशात मात्र लालबागचा मतदार आणि नेपियन सी रोडचा मतदार एकाच यंत्रावर एकाच उमेदवारांमधून निवड करतो.

राजकीय इतिहास आता जरा मागून घेतो, कारण जुनी दक्षिण मुंबई आणि गिरणगाव हे एकमेकांपासून किती वेगळे वागायचे ते कळल्याशिवाय नवीन मतदारसंघाचं वागणं कळत नाही.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत शहरात 'मुंबई शहर दक्षिण' आणि 'मुंबई शहर उत्तर' असे दोनच मतदारसंघ होते. उत्तर हा दोन सदस्यांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. त्याच मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी साधारण चौदा-पंधरा हजार मतांनी पराभव केला. दक्षिणेत स. का. पाटील निवडून आले. मुंबईचे तीन वेळा महापौर राहिलेले, काँग्रेससाठी निधी उभा करण्यात हातखंडा असलेले, 'मुंबईचे अनभिषिक्त सम्राट' म्हणून ओळखले जाणारे पाटील.

१९५७ ची निवडणूक झाली ती संयुक्त महाराष्ट्राच्या वणव्यात. नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला होता, आणि ती जागा, म्हणजे आजचा हुतात्मा चौक, पाटलांच्याच मतदारसंघात. पाटील मुंबई महाराष्ट्राला देण्याचे कट्टर विरोधक. मराठी मुंबईने त्यांच्यावर केवढा राग धरला होता! मध्य मुंबईतून संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने कॉम्रेड डांगे प्रचंड मतांनी निवडून आले. दक्षिणेत मात्र पाटील टिकले. बाजारपेठांचा, व्यापारी पेढ्यांचा, अमराठी मध्यमवर्गाचा तो भाग मुंबई महाराष्ट्रात जाण्याच्या विरोधातच होता. इथे ती रेषा स्पष्ट दिसते. गिरणगावात डांगे आणि दक्षिणेत पाटील, मधलं अंतर दोन-तीन किलोमीटरचं. आजचा दक्षिण मुंबई मतदारसंघ या दोन्ही बाजूंना एकाच पोटात घेऊन बसला आहे.

१९६२ मध्येही पाटील जिंकले. १९६७ ला जॉर्ज फर्नांडिस उभे राहिले. मंगळूरहून आलेला, टॅक्सीवाल्यांच्या, हॉटेल कामगारांच्या, महापालिका कामगारांच्या संघटना बांधणारा नगरसेवक. समोर केंद्रात रेल्वेमंत्री असलेले पाटील. पाटलांना हरवता येतं, हेच आधी लोकांच्या मनावर ठसवावं लागलं आणि जॉर्ज यांच्या प्रचाराचा सगळा भर त्यावर होता. जॉर्ज जिंकले. या विजयाची गोष्ट नेहमी एका माणसाच्या धाडसाची म्हणून सांगतात. माझ्या मते त्यात आणखी एक गोष्ट होती: दक्षिण मुंबईतही नोकर, हमाल, ड्रायव्हर, वेटर, सफाई कामगार आणि गोदी कामगार मोठ्या संख्येने राहत होते, आणि त्यांना मतदार म्हणून पहिल्यांदाच कुणीतरी मोजलं. पाटील पुढे पोटनिवडणुकीतून गुजरातमधल्या बनासकांठाहून लोकसभेत गेले.

१९७१ मध्ये उद्योगपती नवल टाटा अपक्ष म्हणून इथून उभे राहिले आणि हरले. इंदिरा लाटेत जागा काँग्रेसच्या डॉ. कैलास यांच्याकडे गेली. १९७७ मध्ये जनता पक्षाचे रतनसिंह राजदा आले. त्या वर्षी मुंबईतल्या सहाही जागा काँग्रेसविरोधकांनी घेतल्या. १९८० मध्ये देशभर इंदिरा गांधी परतल्या, पण मुंबईत काँग्रेसला एकच जागा मिळाली आणि दक्षिणेत राजदाच पुन्हा निवडून आले. म्हणून 'दक्षिण मुंबई हा काँग्रेसचा बालेकिल्ला' हे वाक्य मला पटत नाही. १९६७ ते १९८० मधल्या चार निवडणुकांपैकी काँग्रेसने इथे एक जिंकली.

बालेकिल्ला झाला तो मुरली देवरांच्या काळात, आणि तोही पूर्ण नाही. देवरा १९८४, १९८९, १९९१ आणि १९९८ ला जिंकले; १९९६ आणि १९९९ ला भाजपच्या जयवंतीबेन मेहता जिंकल्या आणि पुढे वाजपेयी सरकारात ऊर्जा राज्यमंत्री झाल्या. देवरा बावीस वर्षं मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष होते. उद्योगजगतात त्यांचे संबंध सर्वश्रुत होते, पण त्यांची रोजची कामाची पद्धत बरीच जमिनीवरची होती. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावर बंदी आणणारा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा आदेश त्यांच्याच याचिकेवर आला.

१९८४ मध्ये शेजारच्या दक्षिण मध्य मुंबईत काय झालं ते पाहा. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या त्या लाटेत मुंबईतल्या सहापैकी पाच जागा काँग्रेसला मिळाल्या. सहावी गिरणगावाने डॉ. दत्ता सामंतांना दिली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले होते. संप फसला होता, चाळींत चुली थंड होत्या, आणि तरीही लोकांनी संपाच्या नेत्याला लोकसभेत पाठवलं. १९८९ मध्ये तीच जागा शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडे गेली, आणि १९९१ पासून २००४ पर्यंत सलग पाच वेळा मोहन रावले तिथून खासदार झाले. डांगे, सामंत, मग रावले. बाहेरून पाहणाऱ्याला ही डावीकडून उजवीकडे मारलेली उडी वाटते. चाळीतल्या माणसाच्या दृष्टीने पाहिलं तर तो दर वेळी आपल्या गल्लीतल्या संघटनेबरोबर गेला. आधी ती लाल बावट्याची युनियन होती, नंतर शाखा.

२००४ मध्ये जुन्या सीमांवरची शेवटची लोकसभा निवडणूक झाली. मिलिंद देवरांनी जयवंतीबेनना साधारण दहा हजार मतांनी हरवलं. तेव्हा विजयी उमेदवाराची मतं होती साधारण १ लाख ३८ हजार. पाच वर्षांनी नव्या सीमांवर याच नावाच्या मतदारसंघात मिलिंद देवरांना २ लाख ७२ हजारांवर मतं पडली. उमेदवार तोच, मतं जवळपास दुप्पट. मतदारसंघाचा आकारच किती वाढला होता, हे यावरून लक्षात येईल.

२००९ च्या त्या निकालाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण बहुतेक विश्लेषक इथेच फसतात. देवरा १ लाख १२ हजारांनी जिंकले. वरवर पाहता नवीन सीमांनी काही फरक पडलाच नाही. पण दुसऱ्या क्रमांकावर होते मनसेचे बाळा नांदगावकर, साधारण १ लाख ६० हजार मतं घेऊन. तिसऱ्या क्रमांकावर शिवसेनेचे मोहन रावले, १ लाख ४६ हजारांच्या आसपास. माझगाव-परळच्या त्याच मातीत वाढलेले दोन शिवसैनिक एकमेकांसमोर. दोघांची बेरीज तीन लाखांच्या वर जाते, म्हणजे देवरांपेक्षा जास्त. नवीन रेषांनी दक्षिण मुंबईचा कल तेव्हाच बदलला होता, मनसेच्या पहिल्या जोरात तो दोन भागांत वाटला गेला म्हणून दिसला नाही. याच निवडणुकीत बँकर मीरा संन्याल अपक्ष म्हणून उभ्या होत्या. इंग्रजी वृत्तपत्रांत त्यांची चर्चा देवरांच्या बरोबरीने झाली आणि मतं दहा हजारांच्या आसपास पडली. चर्चगेटच्या कॅफेत जे बोललं जातं आणि यंत्रात जे पडतं, त्यात किती अंतर आहे, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

२०१४ मध्ये मनसेची मतं ८५ हजारांच्या आत आली, मोदी लाटेत मलबार हिल आणि कुलाब्याची भाजपची मतं शिवसेनेला मिळाली, आणि अरविंद सावंत १ लाख २८ हजारांनी निवडून आले. २०१९ मध्ये मिलिंद देवरांसाठी मुकेश अंबानी आणि उदय कोटक यांनी उघडपणे पाठिंब्याची चित्रफीत दिली. देवरा १ लाख ६७ मतांनी हरले. लाखाच्या वर फक्त ६७, हा आकडा मी मुद्दाम पूर्ण देतो, कारण तो अनेकदा चुकून '१ लाख ६७ हजार' असा छापला जातो.

तर २०१४ आणि २०१९ चा हिशोब सोपा आहे: गिरणगावची शिवसेना अधिक मलबार हिल-कुलाब्याची भाजप. युतीसाठी नवीन दक्षिण मुंबई सोयीचीच आखली गेल्यासारखी होती.

२०२४ मात्र वेगळी आहे, आणि प्रश्नात हा निकाल आधीच्या दोन निकालांच्या रांगेत सहज बसवला आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. शिवसेना फुटली होती. सावंत ठाकरेंसोबत राहिले, भाजप शिंदे यांच्या बाजूला. देवरा जानेवारीत काँग्रेस सोडून शिंदे गटात गेले होते. समोर उमेदवार भायखळ्याच्या आमदार यामिनी जाधव. सावंत ५२ हजार ६७३ मतांनी जिंकले. बातमी आली: 'शिवसेनेने गड राखला'. आता ही मतं विधानसभानिहाय उलगडा. मलबार हिलमध्ये यामिनी जाधव सुमारे ४८ हजारांनी पुढे. कुलाब्यात सुमारे दहा हजारांनी पुढे. वरळीत, म्हणजे आदित्य ठाकरेंच्या स्वतःच्या मतदारसंघात, सावंतांना आघाडी सात हजारांच्याही आत. शिवडीत सुमारे १७ हजार. ठाकरेंच्या घरच्या मानल्या जाणाऱ्या या दोन भागांची आघाडी जोडली तरी चोवीस हजारांच्या आत राहते. मलबार हिलच्या खड्ड्याचा निम्मा भागही त्यातून भरत नाही. सावंतांना तारलं ते भायखळ्याच्या ४६ हजारांनी आणि मुंबादेवीच्या ४० हजारांनी. नागपाडा, मदनपुरा, डोंगरी, भेंडीबाजार. २००९ पासून काँग्रेसचे अमीन पटेल जिथून निवडून येतात ती मुंबादेवी.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींची झळ ज्या मोहल्ल्यांनी सोसली, श्रीकृष्ण आयोगाने ज्यांची कैफियत नोंदवली, त्याच मोहल्ल्यांनी ठाकरेंच्या उमेदवाराला भरभरून मतं दिली. बूथनिहाय तक्ते पाहताना यावर डोळे थांबतात. ही मतं शिवसेनेवरच्या प्रेमाची होती असं मी म्हणणार नाही. ती भाजपविरोधातली आणि महाविकास आघाडीला दिलेली होती. पण एवढं नक्की की २०१४ ची सावंतांची दक्षिण मुंबई आणि २०२४ ची सावंतांची दक्षिण मुंबई यांत खासदार तोच असला तरी त्याला निवडणारी माणसं बऱ्याच अंशी वेगळी होती. २०१४ मध्ये मलबार हिल त्यांच्यासोबत होती, २०२४ मध्ये मुंबादेवी.

वरळीतली आघाडी इतकी पातळ का झाली, हेही सांगायला हवं, कारण इथे पुन्हा वस्तीचा प्रश्न येतो. गिरण्या बंद पडल्या. विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम १९९१ मध्ये आला तेव्हा गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकांना, अशी मूळ कल्पना होती. २००१ मधल्या बदलाने ही वाटणी फक्त उघड्या, बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्यानंतर लोअर परळ, वरळी, प्रभादेवीला काचेचे मनोरे उभे राहिले. कामगारांची पुढची पिढी डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. काही जण मतदार यादीत नाव इथेच ठेवून मतदानाच्या दिवशी लोकलने येतात; दर निवडणुकीत त्यांची संख्या कमी होताना मी पाहिली आहे. त्यांच्या जागी आलेला मनोऱ्यातला मतदार मलबार हिलसारखं मत देतो. म्हणजे २००८ मध्ये रेषेने गिरणगाव दक्षिण मुंबईत आणलं, आणि बाजारभावाने आता त्याच गिरणगावात मलबार हिल आणलं जातंय.

कमी मतदानाबद्दलही विचारलं आहे. २००९ मध्ये इथे ४० टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, २०१४ मध्ये ते ५० च्या थोडं वर गेलं, आणि २०२४ मध्येही ५० च्या आसपासच. कुलाब्यात ते सगळ्यांत कमी असतं. पण 'श्रीमंत मतदान करत नाहीत' हे अर्धवट निदान आहे. कुलाब्याच्या यादीत नौदलाच्या आणि सरकारी वसाहती आहेत, तिथली माणसं बदलीवर जातात आणि नाव मागे राहतं. पगडीच्या जुन्या इमारतींत दुकान इथे आणि घर मीरा रोडला, अशी हजारो कुटुंबं आहेत. गोदीकडच्या झोपड्यांतून हटवलेल्या लोकांची नावं वगळली गेलेली नाहीत. यादी फुगलेली असते, म्हणून टक्का कमी दिसतो. मलबार हिलने २०२४ मध्ये ज्या त्वेषाने एका बाजूला मत दिलं, ते पाहता तिथला मतदार उदासीन आहे असं मला वाटत नाही.

स्वतः पडताळायचं असेल तर निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक निवडणुकीचा 'फॉर्म २०' मिळतो. त्यात केंद्रनिहाय मतं असतात. २००४ आणि २००९ चे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, त्यातून काहीही खरं निघत नाही. २००९ आणि त्यापुढचे असे चारच निकाल घ्या, आणि लोकसभेच्या एकूण बेरजेऐवजी सहा विधानसभा वेगवेगळ्या लिहून काढा. मतदान केंद्रांचे क्रमांक दर वेळी थोडे बदलतात, म्हणून इमारतीचं किंवा शाळेचं नाव जुळवून पाहा.

आणि पुढच्या पुनर्रचनेचा अंदाज हवा असेल तर भागाकार तोच. २०११ मध्ये शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ८५ हजारांवर उतरली होती, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या जवळपास तेवढीच. महाराष्ट्र मात्र ११ कोटी २४ लाखांचा झाला होता. २८८ जागा धरून ३ लाख ९० हजारांनी भागलं तर शहराच्या वाट्याला आठ जागा येतात. दहाच्या आठ. पुढची पुनर्रचना नव्या जनगणनेवर होईल आणि जागांची एकूण संख्याही वेगळी असू शकते, पण शहराचा राज्यातला वाटा घटतो आहे, हा कल बदलण्याची चिन्हं नाहीत. त्या दिवशी दक्षिण मुंबईची उत्तर सीमा बहुधा दादर-माहीमकडे सरकलेली असेल, आणि शिवाजी पार्कचा मतदार कुलाब्याच्या मतदाराबरोबर एकच खासदार निवडेल.

तोवर आजच्या सीमांवरचा सगळ्यांत ताजा पुरावा नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेचा आहे. राज्यभर महायुतीने विरोधकांना पार झोपवलं. या सहा जागांवर मात्र मे महिन्यातलंच चित्र उमटलं: मलबार हिलला मंगलप्रभात लोढा आणि कुलाब्याला राहुल नार्वेकर, दोन्ही भाजप, मुंबादेवीला काँग्रेसचे अमीन पटेल, भायखळ्यात ठाकरे गटाच्या मनोज जामसुतकरांनी यामिनी जाधवांना हरवलं, शिवडीत अजय चौधरींनी बाळा नांदगावकरांना, आणि वरळीत आदित्य ठाकरेंनी मिलिंद देवरांना ८ हजार ८०१ मतांनी. चार आणि दोन, सहा महिन्यांपूर्वी होते तसेच.